जुनी निसान २४० एसएक्स, टर्बो आणि रोजचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसानने २४० एसएक्स ही मागच्या चाकांना ताकद देणारी स्पोर्ट्‌स कूपे अमेरिकेत १९८९ ते १९९८ या मॉडेल-वर्षांत विकली. १९९४ पर्यंतच्या पिढीला एस१३ आणि १९९५ पासूनच्या पिढीला एस१४ म्हणतात. जपानमध्ये याच सांगाड्यावरच्या निसान सिल्व्हियाला दोन लिटरचे टर्बो इंजिन (एसआर२०डीईटी) मिळत होते; टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूंनी फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. अमेरिकी ग्राहकाच्या वाट्याला मात्र २.४ लिटरचे बिनटर्बोचे इंजिन आले, आणि तेव्हापासून या गाडीच्या मालकांच्या मनात आपल्या इंजिनालाही टर्बो लावावा, हा एकच विचार घोळत राहिला आहे. पुढील उत्तरे अशा मालकांसाठी आहेत ज्यांना ही गाडी ट्रॅकवर किंवा ड्रिफ्टिंगसाठी न्यायची नाही, तर सोमवार ते शुक्रवार कामावर जाण्यासाठी वापरायची आहे. त्यामुळे जास्तीत जास्त ताकद किती निघेल यापेक्षा गाडी सकाळी सुरू होईल का, हा निकष येथे सर्वत्र वरचढ ठेवला आहे.

एवढ्या जुन्या गाडीत टर्बो लावण्यात अर्थ आहे का?

निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर नाही. कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली अलीकडची कोणतीही सेकंड-हँड गाडी कमी खर्चात तितकीच वेगवान, अधिक सुरक्षित आणि अधिक विश्वासार्ह ठरेल. २४० एसएक्समध्ये एअरबॅग असतील-नसतील, एबीएस हा अनेक गाड्यांत पर्यायी होता, आणि आजच्या अपघात-चाचण्यांच्या कसोटीवर तिचा सांगाडा फार मागे पडतो. तरीही सुमारे १२५० किलो वजन, मागील चाकांची ताकद, हाताने बदलायचे गिअर आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग हा मेळ नव्या गाड्यांत क्वचितच सापडतो. ज्याला हाच मेळ हवा आहे आणि फक्त महामार्गावर शिरताना इंजिन थोडे कमी पडते असे वाटते, त्याच्यासाठी हा उद्योग समजण्यासारखा आहे. घरात ही एकच गाडी असेल, तर मात्र हे काम करू नये. दुरुस्तीच्या आठवड्यात कामावर जाण्याची दुसरी सोय असणे ही या प्रकल्पाची पहिली अट आहे.

माझ्या गाडीत नेमके कोणते इंजिन आहे?

१९८९ आणि १९९० च्या गाड्यांत केए२४ई हे एका कॅमशाफ्टचे, १४० अश्वशक्तीचे इंजिन आहे. १९९१ पासून केए२४डीई हे दोन कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्हचे, १५५ अश्वशक्तीचे इंजिन आले. दोन्हींचा ब्लॉक बिडाचा, बोअर ८९ मिलिमीटर, स्ट्रोक ९६ मिलिमीटर आणि क्षमता २३८९ घनसेंटिमीटर. खालील उत्तरे केए२४डीईला धरून दिली आहेत. बॉनेट उघडून पाहिल्याशिवाय सुटे भाग मागवू नयेत, कारण इतक्या वर्षांत या गाड्यांची इंजिने अनेकदा बदलली गेली आहेत आणि कागदावरचे वर्ष व आतले इंजिन जुळेलच असे नाही.

टर्बो घेण्याआधी काय तपासावे?

या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम लांब दिले आहे. टर्बोमुळे बिघडली असे ज्या गाड्यांविषयी सांगितले जाते, त्यांपैकी बऱ्याच गाड्या टर्बोच्या आधीच थकलेल्या असतात.

सर्वप्रथम गाडी खालून पाहावी. मिशिगन, ओहायो किंवा न्यूयॉर्कसारख्या ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथे आयुष्य काढलेल्या गाडीच्या सांगाड्याच्या उभ्या पट्ट्या, पुढील सस्पेन्शनचे बुरुज आणि मागच्या चाकांच्या कमानी गंजलेल्या असू शकतात. पट्ट्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर रुतत असेल, तर इंजिनावर पैसे घालण्याचा विचार तेथेच थांबवावा.

त्यानंतर इंजिन गरम करून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर लीक-डाउन चाचणी करून हवा पिस्टन-रिंगांतून सुटते आहे, व्हॉल्व्हमधून की हेड गॅस्केटमधून, हे शोधावे. केए२४डीईची टायमिंग चेन ढिली पडून पुढच्या झाकणामागे खडखडते, ही या इंजिनाची सर्वपरिचित खोड आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना तो आवाज कान देऊन ऐकावा. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आत तेल शिरले आहे का पाहावे, कारण स्पार्कचे वितरण आणि इंजिनाला स्थितीची जाणीव करून देणारा संवेदक हे दोन्ही त्याच डबीत आहेत आणि तेथे तेल गेले की चालती गाडी अचानक बंद पडू शकते.

मग रबर. इंधनाच्या नळ्या, रेडिएटरच्या नळ्या, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट हे सगळे पंचवीस-तीस वर्षांचे झाले आहे. बिनटर्बोच्या इंजिनात चिरलेली व्हॅक्यूम नळी फार तर आयडलिंग बिघडवते. बूस्टखाली, म्हणजे टर्बोने चढवलेल्या जादा दाबाखाली, तीच नळी उडाली, की हवा-इंधनाचे गणित क्षणात चुकते. म्हणून हे सर्व रबर टर्बोच्या आधी बदलावे, आणि बदलल्यानंतर काही महिने गाडी तशीच, मूळ स्थितीत, रोज चालवून पाहावी. या काळात जे बिघडेल ते जुनेपणाचे असते. टर्बो लावल्यावर तेच बिघडले, तर दोष कोणाचा हे शोधण्यात आठवडे जातात.

रोजच्या वापरासाठी किती बूस्ट योग्य?

अर्धा बार, म्हणजे सुमारे ७ पीएसआय. या आकड्यामागचे गणित सोपे आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण एक बार असतो. त्यावर अर्धा बार चढवला की इंजिनात जाणारी हवा आदर्श स्थितीत दीडपट होते आणि १५५ अश्वशक्तीचे २३० च्या आसपास होतात. प्रत्यक्षात हवा तापते, टर्बाइनमुळे एक्झॉस्टची वाट अडते, आणि हाती थोडे कमी लागते. पण सव्वा टन वजनाच्या गाडीला एवढी वाढ भरपूर आहे. शिवाय अश्वशक्तीपेक्षा टॉर्कमधील, म्हणजे इंजिनाच्या ओढीतील, फरक चालकाला अधिक जाणवतो, आणि लांब स्ट्रोकच्या या इंजिनाचा टॉर्क मुळातच खालच्या फेऱ्यांवर (इंजिन मिनिटाला कमी वेळा फिरत असताना) चांगला आहे.

यापुढे जाण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. बूस्ट वाढवणे हे एका नॉबचे काम असल्यामुळे तो मोह स्वस्त वाटतो. त्याची किंमत हेड गॅस्केट, क्लच आणि पिस्टन भरतात. रोजच्या गाडीत मी बूस्ट कंट्रोलर लावूच नये अशा मताचा आहे. वेस्टगेटच्या, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगने जो दाब ठरतो तोच कायम ठेवावा.

मूळ पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड टिकतील का?

अर्ध्या बारला आणि नीट ट्यूनिंगसह (पेट्रोल आणि ठिणगीची वेळ जुळवून), होय. केए२४डीईचा बिडाचा ब्लॉक मजबूत आहे आणि रॉडही दणकट मानले जातात. दुबळा दुवा म्हणजे ओतीव पिस्टन. ९.५:१ हे मूळ कॉम्प्रेशन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, टर्बोसाठी थोडे जास्तच आहे. तुलनेसाठी, जपानी एसआर२०डीईटीचे गुणोत्तर ८.५:१ ठेवलेले होते. गुणोत्तर जास्त असल्यामुळे नॉकिंगला, म्हणजे ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता उरलेले मिश्रण एकदम पेटण्याला, वाव मिळतो. ओतीव पिस्टनच्या रिंगांमधील कडा अशा ठोक्यांनी तुटतात. ताकदीने इंजिन मोडत नाही, नॉकिंगने मोडते, हे येथे नेमकेपणाने लागू पडते. उलट बाजूने पाहिल्यास, जास्त गुणोत्तरामुळे बूस्ट येण्याआधी गाडी मरगळलेली वाटत नाही, आणि शहरातील रहदारीत बहुतांश वेळ बूस्टबाहेरच जातो. म्हणून केवळ गुणोत्तर कमी करण्यासाठी जाड हेड गॅस्केट बसवू नये.

कोणता टर्बो निवडावा?

लहान. एस१३ सिल्व्हियावर येणारा टी२५ किंवा पुढील पिढ्यांवरील टी२८ या वर्गातील टर्बो २.४ लिटरच्या इंजिनावर लवकर फिरू लागतो, आणि नेमकी तीच गोष्ट लाल सिग्नलपासून लाल सिग्नलपर्यंतच्या प्रवासात उपयोगी पडते. मोठा टर्बो चार हजार फेऱ्यांनंतर जागा होतो. कामावर जाणाऱ्या माणसाची गाडी दिवसभरात त्या फेऱ्यांपर्यंत किती वेळा जाते, याचा प्रामाणिक हिशेब करावा.

तेलासोबत कूलंटनेही थंड होणारा टर्बो घ्यावा. जुना, वापरलेला टर्बो घेतल्यास शाफ्ट हाताने हलवून पाहावा. आडवी किंचित हालचाल जर्नल बेअरिंगच्या (तेलाच्या थरावर शाफ्ट फिरणाऱ्या) टर्बोत स्वाभाविक असते, पण पाती घराला घासत असतील किंवा शाफ्ट पुढे-मागे सरकत असेल तर तो पुनर्बांधणीलाच जाणार. कमालीच्या स्वस्त, नाव नसलेल्या नव्या टर्बोपेक्षा नामांकित कंपनीचा, दुरुस्त करून घेतलेला जुना टर्बो मला अधिक भरवशाचा वाटतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर टर्बोकडे नेणारा भाग, बिडाचा असावा. नळ्या वळवून वेल्ड केलेले मॅनिफोल्ड दिसायला सुंदर असतात आणि वरच्या फेऱ्यांवर थोडी अधिक ताकदही देतात, परंतु रोज तापणे-निवणे आणि टर्बोचे लोंबते वजन यामुळे स्वस्त नळ्यांचे वेल्ड तडकतात.

इतक्या कमी बूस्टला इंटरकूलर लागतो का?

लागतो. इंटरकूलर म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर अर्ध्या बारला बाहेर पडणारी हवा सुमारे ८५ अंशांची असते. इंटरकूलरने ती ४५ अंशांपर्यंत आणली तर तिची घनता बारा टक्क्यांच्या आसपास वाढते. पण त्याहून मोठा लाभ म्हणजे नॉकिंगची शक्यता कमी होते. आकाराने मात्र तो मध्यमच असावा. पूर्ण बंपर व्यापणारा इंटरकूलर रेडिएटरची हवा अडवतो आणि लांबलचक पाइपांमुळे प्रतिसाद मंदावतो.

इंजेक्टर आणि इंधन पंप किती मोठे हवेत?

टर्बो इंजिनाला पूर्ण भारावर प्रत्येक अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण ६.३ घनसेंटिमीटर पेट्रोल लागते. २३० अश्वशक्तीसाठी हे सुमारे १४५० घनसेंटिमीटर होते. चार इंजेक्टरांत, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांत, वाटल्यास प्रत्येकी ३६२. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवता येत नाही, ८० टक्क्यांवर थांबावे लागते, म्हणून ३६२ ला ०.८ ने भागून ४५० च्या पुढचा आकडा येतो. बाजारात सहज मिळणारे ५५० चे इंजेक्टर त्यामुळे योग्य ठरतात. याहून मोठे घेतल्यास उपयोग काहीच नाही.

पंप ताशी २५५ लिटरचा घेण्याची पद्धत आहे आणि तो या गरजेला पुरून उरतो. दोन सावधगिरी बाळगाव्यात. पहिली, या क्षमतेच्या लोकप्रिय पंपांच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून विक्रेता ओळखीचा असावा. दुसरी, पंपापर्यंत जाणारी मूळ तार तीस वर्षे जुनी आहे; तिच्यात व्होल्टेज पडले की नवा पंपही कमी दाब देतो. बॅटरीपासून रिलेमार्फत जाड तार नेणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि ते टाळू नये. इंधनाचा दाब इनटेकच्या दाबाच्या प्रमाणात वाढवणारा रेग्युलेटर नीट चालतो आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे.

ट्यूनिंग कसे करावे? किटसोबत येणारी छोटी पेटी पुरत नाही का?

पुरत नाही. संपूर्ण प्रकल्पात एकाच गोष्टीवर सढळ हाताने खर्च करायचा असेल, तर तो येथे करावा.

मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, टर्बो म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याच्या तक्त्यांत इनटेकचा दाब वातावरणापेक्षा अधिक असू शकतो ही शक्यताच नाही, त्यामुळे त्या भागात इंधन किती आणि ठिणगी किती आधी, हे त्याला सांगावे लागते. इंधनाचा दाब वाढवून किंवा संवेदकाचा संदेश फसवून काम भागवणाऱ्या पेट्या इंधन तर कसेबसे देतात, पण ठिणगीची वेळ मागे घेत नाहीत किंवा ढोबळपणे घेतात, आणि ९.५:१ गुणोत्तरावर ठिणगीची वेळ हाच कळीचा मुद्दा आहे.

मूळ ईसीयूचे तक्ते पुन्हा लिहिणे किंवा स्वतंत्र ईसीयू बसवणे, असे दोन मार्ग उरतात. १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी-२ ही गाडीची स्वयंनिदान पद्धत बंधनकारक झाल्यामुळे १९९५ पर्यंतच्या आणि नंतरच्या एस१४ गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स वेगळी आहेत. आपल्या वर्षाला कोणता मार्ग चालतो हे सुटे भाग मागवण्याआधी ट्यूनरला विचारावे. मूळ पद्धतीत हवा मोजणारा एमएएफ संवेदक वाढलेल्या हवेपुढे अपुरा पडतो, आणि त्याऐवजी निसानच्याच ३०० झेडएक्स गाडीच्या झेड३२ पिढीचा संवेदक बसवण्याची जुनी, खात्रीची वाट आहे. हा संवेदक असताना ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची, म्हणजे थ्रॉटल बंद होताच जादा दाब सोडणाऱ्या झडपेची, हवा बाहेर सोडू नये. ती हवा आधीच मोजलेली असते. बाहेर गेली तरी ईसीयू तिच्यापुरते पेट्रोल सोडतोच, आणि गिअर बदलताना गाडी अडखळते. फुस्स असा आवाज ज्यांना हवा असतो त्यांची यामुळे निराशा होईल, पण हवा परत इनटेकमध्ये वळवावी.

ट्यूनिंग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, होते, मात्र रोजच्या गाडीचे ट्यूनिंग तेथे संपत नाही. डायनोवर पूर्ण थ्रॉटलचे चित्र मिळते. थंड सकाळी सुरू करणे, एसी लावून सिग्नलला उभे राहणे, अर्ध्या थ्रॉटलवर चढ चढणे, या गोष्टी रस्त्यावरच जुळवाव्या लागतात. ट्यूनरशी ठरवतानाच या कामाचा समावेश करून घ्यावा. एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचे प्रमाण सांगणारा वाइडबँड ऑक्सिजन संवेदक कायमचा बसवावा. सामान्य चालवताना हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ च्या आसपास आणि पूर्ण बूस्टवर साधारण ११.५ दिसले पाहिजे. बूस्टवर आकडा तेराच्या दिशेने सरकू लागला तर पाय काढावा आणि कारण शोधावे.

स्पार्क प्लग एक श्रेणी थंड घ्यावेत आणि त्यांचे अंतर मूळ १.१ मिलिमीटरवरून ०.८ किंवा थोडे कमी करावे, कारण दाट हवेत ठिणगीला उडी मारणे अवघड जाते.

पेट्रोल कोणते वापरावे?

आपल्या भागात मिळणारे सर्वोच्च ऑक्टेनचे, आणि नेहमी तेच. अमेरिकेत पंपावर लिहिलेला ९१ हा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो. भारतात प्रचलित असलेल्या रॉन पद्धतीने तो ९५-९६ च्या घरात जातो. कॅलिफोर्नियात प्रीमियम ९१ चे आणि पूर्वेकडील बहुतेक राज्यांत ९३ चे मिळते. ९३ वर ट्यून केलेली गाडी ९१ च्या राज्यात नेताना हा फरक लक्षात ठेवावा. लांबच्या प्रवासाचा संभव असेल, तर मुळातच ९१ वर ट्यून करून घेणे शहाणपणाचे.

टर्बोच्या तेलाची व्यवस्था कशी असावी?

तेल आत जाते दाबाने आणि बाहेर पडते केवळ गुरुत्वाकर्षणाने. ही एक गोष्ट नीट समजली की पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात. परतीची नळी जाड हवी, कुठेही खाली वाकून पुन्हा वर चढता कामा नये, आणि ती तेलाच्या पॅनला तेलाच्या पातळीच्या वर जोडली गेली पाहिजे. त्यासाठी पॅन काढून त्याला नळी जोडण्याची बोंडी वेल्ड करून घ्यावी. पॅन जागेवर ठेवून भोक पाडल्यास धातूचा कीस आत पडतो. परतीची वाट अडली की तेल टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरते आणि निळा धूर येतो. अशा वेळी अनेक जण टर्बो खराब झाला असे समजून नवा विकत घेतात, आणि तोही धूर सोडू लागतो.

बॉल बेअरिंगच्या टर्बोला आत जाणाऱ्या तेलावर रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारा छोटा भाग) लागतो. जर्नल बेअरिंगला बहुधा लागत नाही. निर्मात्याची सूचना पाळावी.

गाडी बंद करण्याआधी काही मिनिटे आयडलिंगवर ठेवावी लागते का?

कूलंटने थंड होणाऱ्या टर्बोला सहसा नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवले की पुरे. किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या टर्बो टायमरवर पैसे घालवू नयेत.

उन्हाळ्यात गाडी तापेल का?

मूळ रेडिएटर मूळ वयाचा असेल तर तापण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या ठिसूळ होतात. अॅल्युमिनियमचा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, नवे झाकण आणि पंख्याभोवतीचे मूळ कवच, हे चार भाग एकत्र पाहावेत. हे कवच अनेक गाड्यांत इंजिनाच्या कामात काढले जाते आणि परत बसवले जात नाही; त्याशिवाय पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवत राहतो. कूलंट आणि पाणी अर्धे-अर्धे ठेवावे. झाकणाचा दाब टिकला तर हे मिश्रण सुमारे १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण गळके असेल तर ही सवलत नाहीशी होते. डॅशबोर्डवरील मूळ काट्यावर विसंबू नये, तापमानाचा आकडा दाखवणारा स्वतंत्र गेज लावावा.

क्लच आणि गिअरबॉक्सचे काय?

मूळ क्लच थोडेच दिवस साथ देईल. अधिक ताठ प्रेशर प्लेट आणि साध्या, ऑर्गॅनिक अस्तराची चकती घ्यावी. तुकड्या-तुकड्यांच्या धातूमिश्रित चकत्या शर्यतीसाठी ठीक आहेत, परंतु रहदारीत त्या एकदम पकडतात आणि गाडी धक्के खाते. पाच गिअरचा मूळ गिअरबॉक्स या टॉर्कला टिकतो. त्याचे सिंक्रोनायझर (गिअर सहज बसवणाऱ्या कड्या) मात्र वयाने झिजलेले असतात. ऑटोमॅटिक गाडी असेल, तर हा प्रकल्प तिच्यावर करण्याचा सल्ला मी देणार नाही.

ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर आधी की टर्बो आधी?

ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर आधी. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. नवे पॅड, चांगल्या डिस्क, ताजे डॉट ४ ब्रेक ऑइल आणि नव्या लवचिक नळ्या एवढ्यानेही मूळ ब्रेक शहरासाठी पुरतात. पुढचे पाऊल म्हणून झेड३२ चे चार पिस्टनचे कॅलिपर बसवण्याची पद्धत रूढ आहे, पण त्यांना १६ इंची किंवा मोठी चाके लागतात. एस१३ आणि साध्या एस१४ ला चार नटांचे हब आहेत, एसई मॉडेलच्या एस१४ ला पाच. चाके घेण्याआधी हे मोजावे.

सस्पेन्शनमध्ये पुढच्या टेन्शन रॉडचे बुश (सांध्यातील रबरी अस्तर) सर्वांत आधी बदलावेत. ते आतून द्रवाने भरलेले असतात, फुटतात, आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागते. ही थरथर डिस्क वाकल्याची समजून डिस्कवर डिस्क बदलणारे मालक आढळतात. मागच्या सबफ्रेमचे बुशही तितकेच जुने असतात. स्वस्त कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) लावून गाडी जमिनीला टेकवण्यापेक्षा मूळ उंचीचे, चांगल्या कंपनीचे शॉक अब्सॉर्बर बसवलेली गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावर अधिक वेगाने आणि अधिक निश्चिंतपणे जाते. एस१४ एसईचे मूळ माप २०५/५५ आर१६ होते. त्याच मापाचे उत्तम टायर रोजच्या वापराला पुरेसे आहेत. बर्फाच्या प्रदेशात हिवाळी टायरांचा दुसरा संच अनिवार्य समजावा.

त्यापेक्षा जपानी एसआर२०डीईटी इंजिनच का बसवू नये?

हा पर्याय वाईट नाही. एस१३ मध्ये २०५, एस१४ मध्ये २२० आणि एस१५ या पुढच्या सिल्व्हियामध्ये २५० मेट्रिक अश्वशक्ती देणारे हे इंजिन कारखान्यातूनच टर्बोसाठी घडवलेले आहे. पण जहाजातून आलेले वापरलेले इंजिन आधी कसे चालवले गेले हे कोणी सांगू शकत नाही, ते किती तरी वर्षांचे जुने आहे, आणि अमेरिकेत त्याचे सुटे भाग शेजारच्या दुकानात मिळत नाहीत. केए२४डीईचे मिळतात. पंप किंवा गॅस्केट त्याच संध्याकाळी मिळणे याची किंमत रोजच्या गाडीत फार असते. ०.४ लिटरची अधिकची क्षमताही खालच्या फेऱ्यांवर जाणवते.

हे कायदेशीर आहे का?

राज्यानुसार उत्तर बदलते, परंतु संघराज्याचा कायदा सर्वत्र लागू आहे. क्लीन एअर अॅक्टनुसार प्रदूषण-नियंत्रणाची उपकरणे काढणे किंवा निकामी करणे बेकायदेशीर आहे; मिशिगनमध्ये प्रदूषणाची नियमित तपासणी होत नाही म्हणून तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) काढणे वैध ठरत नाही. तो ठेवावाच. चांगल्या दर्जाचा कन्व्हर्टर २३० अश्वशक्तीला आडवा येत नाही, आणि त्याच्याशिवाय गाडीमागे थांबणाऱ्यांचे जे हाल होतात ते वेगळेच.

कॅलिफोर्नियात परिस्थिती कठोर आहे. १९७६ आणि त्यानंतरच्या, अगदी नव्या नसलेल्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी लागते, आणि तीत धुराच्या मोजणीसोबत बॉनेटखालची दृश्य-तपासणीही असते. टर्बो किटला त्या राज्याच्या हवा-संसाधन मंडळाचा, म्हणजे कार्बचा, आदेश-क्रमांक तुमच्या इंजिनासाठी आणि मॉडेल-वर्षासाठी मिळालेला असला पाहिजे. असा क्रमांक नसलेले किट लावून ती गाडी तेथील रस्त्यावर कायदेशीरपणे चालवता येत नाही. तपासणीच्या दिवसापुरते सगळे मूळ भाग परत लावण्याचा खटाटोप करणारे आहेत. मी तो मार्ग सुचवणार नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने बिनटर्बोचे इंजिन ताजे करून सस्पेन्शन आणि टायरांवर पैसे लावावेत.

महाराष्ट्रात असे काही करता येईल का?

२४० एसएक्स भारतात कधी विकली गेली नाही, आणि डाव्या स्टिअरिंगची, तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करून येथे नोंदवण्यास सर्वसाधारण नियमांत वाव नाही. भारतातील दुसऱ्या एखाद्या जुन्या गाडीवर टर्बो लावण्याविषयी म्हणाल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली आहे. थोडक्यात, नाही.

विमा कंपनीला सांगावे लागेल का?

होय, लेखी आणि आधी. न सांगितलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. गाडीची किंमत आधीच परस्परसंमतीने ठरवणारी पॉलिसी अशा गाड्यांसाठी चांगली, मात्र त्यांतील पुष्कळ पॉलिसी रोज कामावर नेण्यास मनाई करतात. ती अट वाचून घ्यावी.

एकूण खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

रकमा राज्य, कारागीर आणि सुटे भाग यांनुसार फार बदलतात, म्हणून प्रमाण सांगतो. टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर आणि पाइप यांची जी बेरीज येईल, साधारण तेवढीच रक्कम इंधन, ईसीयू, ट्यूनिंग आणि क्लच यांच्यासाठी बाजूला काढावी. आणि पुन्हा तेवढीच थंडावा, ब्रेक, बुश, टायर आणि रबरासाठी. पहिलाच वाटा हाताशी असेल तर काम सुरू करू नये. आधी तिसरा वाटा खर्च करावा. त्यानंतर पैसे संपले तरी हाती एक उत्तम चालणारी जुनी कूपे उरते.

टर्बो बसल्यानंतर देखभाल कशी बदलते?

सिंथेटिक तेल आणि फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला बदलावा; तेलाची पातळी दर आठवड्याला, पेट्रोल भरताना पाहावी. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर मॅनिफोल्डचे आणि टर्बोचे नट-बोल्ट पुन्हा आवळावेत, इंटरकूलरच्या पाइपांचे क्लॅम्प तपासावेत. स्पार्क प्लग दर तेलबदलाच्या वेळी काढून पाहणे ही सवय लावून घ्यावी, कारण पोर्सेलिनवर काळे किंवा चमकदार ठिपके दिसू लागले तर नॉकिंगची ती पहिली लेखी नोंद असते, आणि कानांना काही ऐकू येण्याच्या बरीच आधी मिळते. असे ठिपके दिसल्यास पुढच्या पूर्ण थ्रॉटलआधी ट्यूनरकडे जावे. हिवाळ्याच्या पहिल्या थंडीत वाइडबँडवर विशेष नजर ठेवावी. हवा दाट होते, आणि उन्हाळ्यात जुळवलेला तक्ता तेव्हाच उघडा पडतो.